नस जुळली, पण पाळणा हलला का?

आजचा विषय चारचौघांत कुणी काढत नाही. नसबंदी केलेल्या पुरुषाने नंतर नस पुन्हा जोडून घेतली, तर मूल होतं का? मला यात इतिहास दिसतो, कारण या प्रश्नाचं उत्तर गेल्या साठ वर्षांत खूप बदललंय.

सुरुवात मुंबईपासूनच करू. साठच्या दशकात इथे नसबंदीचा प्रचार इतका जोरात होता की रेल्वे स्टेशनांवर शस्त्रक्रिया होत असत. 'दोन किंवा तीन पुरेत' असं सांगितलं जायचं. पण त्या काळी लहान मुलं दगावण्याचं प्रमाण मोठं होतं. नसबंदीनंतर मूल गेलं, किंवा बायको वारून दुसरं लग्न झालं, की माणूस परत डॉक्टरांकडे यायचा. म्हणायचा, "आता हे उलटं करता येईल का?"

मुंबईचे डॉ. जी. एम. फडके अशा लोकांवर शस्त्रक्रिया करत होते. 1967 मध्ये अमेरिकेतल्या युरॉलॉजीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. 76 रुग्णांपैकी 83 टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परत दिसले आणि 55 टक्क्यांच्या घरी गर्भधारणा झाली. आता याच्याशेजारी 1973 चा एक अमेरिकन आकडा ठेवा. तिथल्या युरॉलॉजिस्टांना प्रश्नावली पाठवली, तेव्हा सुमारे 1,630 शस्त्रक्रियांचा हिशेब मिळाला. शुक्राणू 38 टक्क्यांत, गर्भधारणा जेमतेम 20 टक्क्यांत! एकीकडे सरावलेला हात, दुसरीकडे शेकडो डॉक्टरांची सरासरी, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. तरी मुंबईचं काम किती पुढचं होतं, ते कळतं.

पुढे सत्तरच्या दशकात सूक्ष्मदर्शक आला. शुक्रवाहिनीची आतली पोकळी एक मिलिमीटरहूनही बारीक. अमेरिकेत शेरमन सिल्बर आणि ऑस्ट्रेलियात अर्ल ओवेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती टाके घालून जोडायला सुरुवात केली.

नेमक्या त्याच दशकात आपल्याकडे आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यात 60 लाखांहून जास्त पुरुष. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकही मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. शाह आयोगाकडे अविवाहितांच्या नसबंदीच्याही शेकडो तक्रारी आल्या. या माणसांसाठी 'उलटं करता येईल का' हा प्रश्न अख्ख्या आयुष्याचा होता.

सगळ्यात नीट उत्तर 1991 मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या पाच शल्यचिकित्सकांनी 1,469 पुरुषांची माहिती एकत्र केली. नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडणी केली, तर 97 टक्क्यांत शुक्राणू आणि 76 टक्क्यांत गर्भधारणा. तीन ते आठ वर्षांत 88 आणि 53. नऊ ते चौदा वर्षांत 79 आणि 44. पंधरा वर्षं किंवा जास्त झाली असतील, तर 71 आणि 30.

हे दोन आकडे वेगवेगळे ऐका. शुक्राणू दिसले म्हणजे मूल झालं, असं नाही. मार्ग बंद असताना मागे दाब वाढतो आणि वृषणाला लागून असलेल्या बारीक नळीत दुसरा अडथळा तयार होऊ शकतो. शरीर स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. शिवाय बायकोचं वयही पुढे सरकलेलं असतं, आणि त्यावर पुरुषाच्या शस्त्रक्रियेचा काहीच इलाज नाही.

म्हणून मला वाटतं, 'नसबंदी काय, परत उघडता येते' हे वाक्य नेहमीच अर्धं होतं. उघडता येते, बऱ्याचदा. पण मधे गेलेली वर्षं परत जोडता येत नाहीत. निर्णय घेण्याआधी दोन्ही आकडे समोर ठेवायला हवेत. आणि तो निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायला हवा. आणीबाणीत नेमकं हेच हिरावलं गेलं होतं.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.