गोंडवाना, व्हाया सिडनी

अमेरिकेतल्या टीमबरोबरचा रात्रीचा कॉल संपला की लगेच झोप येत नाही. मग मांजरीतून दौंडकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत मी यूट्यूब चाळत पडतो. अशाच एका रात्री सिडनीतल्या मुलामुलींच्या एका गायनवृंदाचा व्हिडिओ समोर आला. वृंदाचं नाव वाचलं आणि उठूनच बसलो. गोंडवाना!

मी चंद्रपूरचा. गोंड राजांच्या परकोटाच्या आत वाढलेला. आमच्याकडचं हे नाव तिकडे कुणी नेलं?

नेलं दगडांनी. १८७२ साली भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉटने मध्य भारतातल्या काही खडकांना 'गोंडवाना' हे नाव वापरलं. चंद्रपूरचा कोळसा निघतो ते हेच खडक. पुढे १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एका प्राचीन महाखंडाला तेच नाव दिलं. भारत आणि ऑस्ट्रेलिया एके काळी एकमेकांना चिकटलेले होते, म्हणून तिथल्या वृंदालाही ते शोभलं. गोंडांचं नाव अख्ख्या दक्षिण गोलार्धाला पुरलं. गोंड माणूस मात्र त्या प्रवासात कुठेच नव्हता.

लिन विल्यम्स यांनी १९८९ मध्ये सिडनीत मुलांचा वृंद सुरू केला. त्यातूनच पुढे गोंडवाना हे मोठं काम उभं राहिलं, आणि २००८ पासून तिथल्या मूळनिवासी मुलांचा स्वतंत्र वृंदही आहे. गाणं बसवायचं तर आधी त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांकडे जायचं, शब्दाचा उच्चार आणि अर्थ शिकून घ्यायचा, मग स्टेजवर जायचं, अशी तिथली पद्धत. मला त्या व्हिडिओतल्या सुरांपेक्षा ही पद्धतच जास्त भिडली.

आपल्याकडे हे अगदीच झालं नाही असंही नाही, आणि त्याचा एक धागा पुण्यातूनच जातो. व्हेरियर एल्विन हा तरुण इंग्रज १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. तिथे त्याला शामराव हिवाळे हा मराठी तरुण भेटला. १९३२ मध्ये दोघांनी पुणं सोडलं आणि मंडला जिल्ह्यात, गोंडांच्या गावात जाऊन राहिले. १९३५ मध्ये दोघांचं 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' हे गोंड गीतांचं पुस्तक आलं. एल्विनचं नाव सगळ्यांना माहीत असतं, हिवाळ्यांचं फारसं कुणी घेत नाही. १९४६ मध्ये त्यांनी एकट्याने परधानांवर पुस्तक लिहिलं.

परधान म्हणजे गोंडांची चालतीबोलती हार्डडिस्क. (सवय आहे, माफ करा.) प्रत्येक परधानाची ठरलेली गोंड घराणी असतात. तो बाना नावाचं तंतुवाद्य घेऊन त्यांच्या दारी जातो आणि त्यांच्या पूर्वजांच्या, देवांच्या, राजांच्या कथा गातो. त्याच्या गळ्यातून घराण्याची वंशावळ पुढच्या पिढीकडे जाते. हिवाळे-एल्विननी गाणी टिपली खरी, पण इंग्रजीत. कागदावर अर्थ उतरला, चाल तिकडेच राहिली.

आणि समूहगान तर घरचंच आहे. गडचिरोलीतल्या माडियांच्या गोटुलमध्ये तरुण मुलंमुली एकत्र गातात, 'रेला'चं पालुपद सगळ्यांनी उचलायचं. कंडक्टर नाही, तिकीट नाही, प्रेक्षकही नाहीत. जो आला तो गाणार.

आता सहावीतलं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला 'आदिवासी नृत्य' होतं. कमरेला आंब्याची पानं, तोंडाला काळा रंग, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि टीव्हीवर पाहिलेली 'झिंगालाला' आरोळी. मी पहिल्या रांगेत होतो, टाळ्याही खूप पडल्या. वसतिगृहात राहणारा एक गोंड मुलगा आमच्याच वर्गात होता. तुमच्याकडे काय गातात रे, असं त्याला सरांनी विचारलं नाही, आम्हीही नाही. त्याला पडदा ओढायचं काम दिलं होतं. त्याने तो वेळेवर ओढला.

त्या रात्री वर्गाच्या ग्रुपमधून त्याचा नंबर शोधला आणि सिडनीचा व्हिडिओ पाठवला. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून फक्त 'नाव बघ' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडअप चालू असताना उत्तर आलं. चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट. एक म्हातारी बाई गात होती आणि मागे लहान मुलं पालुपद धरत होती. मी ती तीनदा ऐकली. सतरा वर्षं चंद्रपुरात काढून मला त्यातला एकच शब्द कळला, रेला.

बाकीच्याचा अर्थ विचारला, तर तो म्हणाला, "फोनवर नाही सांगता येणार. ये कधीतरी."