खानखोजे, पांडुरंग सदाशिव : मेक्सिकोतील स्पॅनिश विद्याजीवन

गदर चळवळीतील क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्धा येथे झाला. स्पॅनिश भाषेच्या देशात दीर्घकाळ राहून, त्याच भाषेतून उच्च कृषिशिक्षण देणारे आणि शास्त्रीय लेखन करणारे मराठी गृहस्थ म्हणून त्यांचे कार्य विशेष लक्षणीय आहे. तथापि स्पॅनिश भाषा व साहित्याचे विद्यार्थी म्हणून ते मेक्सिकोस गेले नव्हते. हद्दपारीसारख्या जीवनाने त्यांना तेथे नेले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जपानमार्गे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोहोचले आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीचे ते एक आद्य संघटक होत. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ब्रिटिशांविरुद्ध हालचाली केल्यानंतर मायदेशाचे दार त्यांना बंद झाले. बर्लिन व मॉस्को येथील वास्तव्यानंतर १९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले.

मेक्सिको त्या वेळी १९१० च्या क्रांतीतून सावरत होता. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमीन देण्याचे तत्त्व स्वीकारले होते, तर १९२१ मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंत्रालयाची धुरा होसे व्हास्कोन्सेलोस यांच्याकडे होती. (भारतीय तत्त्वज्ञानावर त्यांनी १९२० मध्ये स्पॅनिशमध्ये ग्रंथ लिहिला होता, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.) १८५४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय कृषिशाळा तेस्कोकोजवळील चापिंगो या जुन्या जमीनदारी वाड्यात नुकतीच हलविण्यात आली होती. जमिनीचे शोषण शिकवावे, माणसाचे नव्हे, हे तिचे ब्रीद. खानखोजे या शाळेत अध्यापक झाले.

तेथे ग्रांथिक स्पॅनिश पुरेशी नव्हती. मेक्सिकन शेतकऱ्याची स्पॅनिश ही नाहुआत्ल या मूळ भाषेच्या शब्दांनी भरलेली आहे. मक्याचे शेत ‘मिल्पा’, कोवळे कणीस ‘एलोते’, मक्याची रानटी सोयरीक असलेले गवत ‘तेओसिंते’. खुद्द ‘माईस’ हा मक्याचा शब्दही स्पॅनिशने कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांकडून घेतलेला. मक्यावर काम करणाऱ्या अध्यापकास असे शब्द वगळून चालणे शक्यच नव्हते. खानखोजे यांनी मका व तेओसिंते यांच्या संकरावर प्रयोग केले. मक्याच्या नव्या जातींवरील त्यांची स्पॅनिश पुस्तिका १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. वर्गाबाहेर शेतकऱ्यांसाठी त्यांनी ‘मुक्त कृषिशाळा’ चालविल्या. छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी त्यांची व त्यांच्या मक्याची छायाचित्रे टिपली. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत १९२८ मध्ये रंगविलेल्या भित्तिचित्रात मेजाच्या अग्रस्थानी भाकरी मोडणाऱ्या पुरुषास खानखोजे यांचा चेहरा दिला. स्पॅनिश संस्कृतीने एखाद्या मराठी माणसास दिलेले असे दुसरे स्थान सहज आठवत नाही.

परभाषेतून विद्या घेण्याचा अनुभव त्याच काळात महाराष्ट्रातही होता, पण निराळ्या कारणाने. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. बीडच्या शेतकऱ्याच्या मुलास तेथे उच्च शिक्षण घ्यावयाचे तर शेतातली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातील स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते. चापिंगोतही राज्यकर्त्यांची भाषा स्पॅनिशच होती व ती वसाहतवादातूनच आली होती, हे विसरता येत नाही. परंतु चार शतकांत तिने शेतातले शब्द आत घेतले होते. पिकांचा प्रवास मात्र भाषेसाठी थांबला नाही. बीडच्या बालाघाट डोंगरांत बहरणारे सीताफळ मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतीलच.

१९३६ मध्ये खानखोजे यांनी बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ते भारतात येऊन गेले व १९५५ च्या सुमारास नागपुरास स्थायिक झाले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे महत्त्वाचे शास्त्रीय लेखन स्पॅनिशमध्ये असल्याने मराठी वाचकास ते प्रामुख्याने क्रांतिकारक म्हणूनच परिचित राहिले. वीणा गवाणकर यांच्या मराठी चरित्राने आणि कन्या सावित्री साहनी यांच्या इंग्रजी चरित्राने ही उणीव काही अंशी भरून काढली. चापिंगोची शाळा पुढे स्वायत्त विद्यापीठ झाली. तिच्या आवारात सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.