उंदराच्या डीएनएमधला जुना कोड

मागच्या वर्षी ‘हा कोड कोणी वापरतच नाही’ म्हणून मी एक जुनं फंक्शन उडवलं. रात्री दोनला फोन वाजला. त्यामुळे आजची गोष्ट मला जरा जास्तच जवळची वाटते.

१९७० चं दशक. कॅलिफोर्नियात लेक कसिटासजवळ खाण्यासाठी कबुतरं पाळायचा एक फार्म होता, आणि तिथे उंदरांचा सुळसुळाट. लॅबमधले उंदीर पिढ्यान्पिढ्या एकाच घराण्यात जुळवलेले असतात. मरे गार्डनर या डॉक्टरांना बघायचं होतं, की मोकळ्या उंदरांत कॅन्सरचे व्हायरस असतात का. इथे ते सापडले. वय झालं की काहींना लिम्फोमा व्हायचा, काहींचे मागचे पाय लुळे पडायचे. कारण एक रेट्रोव्हायरस, पिल्लांना आईच्या दुधातून मिळणारा.

पण त्याच फार्मवरचे काही उंदीर ठणठणीत! १९८० मध्ये गार्डनर, स्टीफन ओब्रायन वगैरेंनी दाखवलं, की एकच जीन त्यांना वाचवतो. आई किंवा बाप, कुणा एकाकडून मिळाला तरी पुरे. नाव एकेव्हीआर-१. तिकडे जपानमध्ये १९७५ सालीच एफव्ही-४ नावाचा जीन सापडला होता. दोन्ही एकच निघाले. आशियातल्या उंदरांबरोबर तो अमेरिकेत पोचला असणार, बहुधा जहाजातून, विनातिकीट.

१९८५ मध्ये तो जीन उघडून पाहिला, तर तो मुळात उंदराचा नव्हताच. जुन्या रेट्रोव्हायरसचा तुटका तुकडा होता. रेट्रोव्हायरस आपली प्रत पेशीच्या डीएनएत घुसवतो. ती अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत घुसली, की वारशानं पुढे जाते. या तुकड्यातून अख्खा व्हायरस बनू शकत नव्हता, पण बाहेरच्या आवरणाचं प्रोटीन मात्र बनत होतं. व्हायरस पेशीच्या ज्या दारातून आत येतो, तिथेच हे प्रोटीन जाऊन बसतं. लोकलच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा ना, तसं. नवा व्हायरस येतो, तर जागा आधीच गेलेली.

‘जुने व्हायरस आपले रक्षक’ असं सांगणारी रील्स दिसली, तर मांजरांकडेही बघा. फेलाइन ल्युकेमियाच्या व्हायरसचे जुने नातेवाईक मांजरांच्या डीएनएत बसलेले असतात. बाहेरून आलेला व्हायरस त्यांचे तुकडे उचलून स्वतःत जोडतो, ‘बी’ नावाचा नवा प्रकार बनतो, आणि तो वेगळ्याच दारानं पेशीत शिरतो.