नक्षी, नाव आणि पादत्राण : उपयोजित कलावंताची हौस व चर्मकारागिरांची परंपरा

प्रस्तावना

पोशाखाच्या इतिहासात पगडी, लुगडे, अंगरखा यांना जे स्थान मिळाले ते पादत्राणांना मिळालेले नाही. पायातील वहाण ही पायरीशी काढून ठेवण्याची वस्तू असल्याने अभ्यासकानेही ती बहुधा ग्रंथालयाच्या बाहेरच काढून ठेवली. गेल्या चार-पाच दशकांत मात्र जगभर स्नीकर या रबरी तळाच्या बुटाभोवती एक स्वतंत्र संस्कृती उभी राहिली. हा बूट मुळात खेळासाठीचा. तो जमवणे, रंगवणे, त्यावर अक्षरे रेखाटणे, मर्यादित संख्येने काढणे आणि त्यासाठी दुकानापुढे रात्रभर रांगा लावणे हे या संस्कृतीचे व्यवहार होत. तिच्या घडणीत उपयोजित कलेचे शिक्षण घेतलेल्या, पोटासाठी बोधचिन्हे व जाहिराती करणाऱ्या आणि उरलेल्या वेळात बुटांचा नाद जोपासणाऱ्या ग्राफिक डिझायनरांचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात या हौशी निर्मितीचा मागोवा घेऊन ती सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यातील चर्मकामाच्या परंपरेशेजारी ठेवून पाहिली आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे वस्तूवर नक्षी कोणाची आणि नाव कोणाचे.

पस्तीस डॉलरांची रेघ

रबरी तळाचे कापडी बूट एकोणिसाव्या शतकात प्रचारात आले. अमेरिकेत १९१७ मध्ये कॉन्व्हर्स कंपनीने 'ऑल स्टार' हा बास्केटबॉलचा बूट काढला आणि १९३० च्या दशकात त्यावर चक टेलर या खेळाडू-विक्रेत्याची सही छापली गेली. बुटावर माणसाचे नाव येण्याचे हे सर्वांत ठळक प्रारंभिक उदाहरण होय. पण ते नाव विकणाऱ्याचे होते, आखणाऱ्याचे नव्हे. भारतात हा बूट बाटाच्या रूपाने आला. कोलकात्याजवळ १९३४ मध्ये बाटानगर वसविण्यास आरंभ झाला आणि १९३६ मध्ये शालेय मुलांच्या कवायतीसाठी पांढरा कापडी 'बाटा टेनिस' तयार झाला. महाराष्ट्रातील कितीतरी पिढ्यांना 'कॅनव्हासचे बूट' ठाऊक आहेत ते याच वंशातील. खडूने पांढरे करून १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीला घालायचे हे बूट कोणी जमविल्याचे ऐकिवात नाही, हे येथे जाता जाता नोंदवावे.

१९७१ मध्ये पोर्टलंड राज्य विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने नायके कंपनीसाठी 'स्वूश' हे चिन्ह काढून दिले आणि त्याचे तिला ३५ डॉलर मिळाले. पुढे १९८३ मध्ये कंपनीने तिला हिऱ्याची अंगठी व काही समभाग दिले. ही कथा सांगताना बहुतेक लेखक अंगठीपाशी थांबतात. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्या अंगठीच्या आधीच्या बारा वर्षांत चिन्ह जगभर गेले आणि कर्ती मागे राहिली.

पीटर मूर (१९४४-२०२२) यांचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. ते मुळात ग्राफिक डिझायनर. १९८५ मध्ये विक्रीस आलेल्या 'एअर जॉर्डन १' या बुटाची आखणी त्यांची. विमानप्रवासात एका मुलाच्या छातीवरील वैमानिकाचे पंख असलेला बिल्ला पाहून त्यांनी पंख व चेंडू असे चिन्ह कागदी हातरुमालावर खरडले, अशी या बोधचिन्हाची जन्मकथा सांगितली जाते. या बुटाची रचना पाहिली तर ती चांभाराच्या हाताने विचार केलेली नाही, भित्तिपत्रक करणाऱ्याच्या नजरेने केली आहे, हे सहज कळते. बुटाचे तुकडे म्हणजे जणू सपाट रंगांचे छापील ठोकळे. एकच साचा ठेवून केवळ रंग बदलत नवा बूट 'काढता' येतो, ही स्नीकर संस्कृतीची मूळ युक्ती अशा छपाईच्या विचारातून आली असे म्हणण्यास जागा आहे. हौशी कलावंताला बुटात शिरण्याचे दार मिळाले तेही येथेच. साचा करण्यास कारखाना लागतो, रंग देण्यास कुंचला पुरतो.

या दारातून आत गेलेल्यांत जेफ स्टेपल हे न्यू यॉर्कचे डिझायनर अग्रभागी होत. शिकत असताना टी-शर्टवर रेशीमपडद्याची छपाई करणे हा त्यांचा जोडउद्योग होता आणि त्यातून त्यांची संस्था उभी राहिली. नायकेसाठी त्यांनी शहरातील कबुतर हे चिन्ह घेऊन करड्या रंगाचा बूट आखला. २२ फेब्रुवारी २००५ रोजी तो विक्रीस आला तेव्हा जोड होते सुमारे १५०. गर्दी एवढी झाली की पोलिसांना यावे लागले आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर बूट आला. पुढे २०१७ मध्ये व्हर्जिल अब्लो (१९८०-२०२१) यांनी दहा बूट उलगडून पुन्हा बांधले व त्यांवर अवतरणचिन्हांत शब्द छापले. बुटाच्या नाडीवर 'नाडी' हाच शब्द. अब्लो शिक्षणाने स्थापत्य अभियंते व वास्तुविशारद होते. येथे बूट हा जवळजवळ वाचण्याचा कागद झाला.

मराठी कलावंत आणि नोकरीपलीकडचे काम

महाराष्ट्रात बुटाला हा मान नव्हता. परंतु पोटाच्या कामाशेजारी हौसेचे काम वाढविण्याची रीत येथील उपयोजित कलावंतांना नवी नाही. कमल शेडगे (१९३५-२०२०) टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरी करीत असतानाच मराठी नाटकांच्या जाहिरातींची शीर्षके काढीत राहिले. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात उतरवणे ही त्यांची खासियत. आज त्यांची ओळख उरली आहे ती बव्हंशी या कामामुळे. र. कृ. जोशी (१९३६-२००८) जाहिरात क्षेत्रात कला-दिग्दर्शक होते, पण देवनागरी सुलेखनाचा त्यांचा ध्यास जाहिरातीच्या मागणीपलीकडचा होता. संगणकावर लाखो लोक जो 'मंगल' हा देवनागरी टंक वापरतात तो त्यांच्या हातचा. वापरणाऱ्यांपैकी किती जणांना जोशी ठाऊक आहेत, हा प्रश्न डेव्हिडसनच्या प्रश्नाहून फार वेगळा नाही.

स्नीकरच्या बाबतीत मराठी नाव प्रकर्षाने आले ते २०२१ मध्ये. आशय भावे या दुबईत शिकलेल्या तरुणाने विद्यार्थिदशेत सुरू केलेल्या प्रकल्पातून टाकाऊ प्लॅस्टिक पिशव्यांचा बूट बाजारात आणला. एका जोडीस सुमारे दहा पिशव्या व बारा बाटल्या लागतात असे सांगितले गेले. बुटाचे नाव 'थैली'! परदेशी वळणाच्या वस्तूला बाजारातील पिशवीचे देशी नाव देण्यात जी गंमत आहे, ती हौशी माणसालाच सुचावी.

सोलापूर, कुंभारी आणि नक्षीचे श्रम

सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव या चर्चेत आणण्याचे कारण केवळ भौगोलिक नाही. येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ मध्ये तिचे हस्तांतरण झाले. पुढे याच परिसरात रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या हातांची ही वस्ती आहे. या हातांतून जाणाऱ्या वस्तू नक्षीने भरलेल्या आहेत. विडीच्या कट्ट्यावरचे रंगीत लेबल हा उपयोजित कलेचा अस्सल नमुना होय. सोलापुरी चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर भरली जाते, मग जकार्डच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर उतरते आणि नंतर मागावर. नामवंत चादरीत उत्पादकाचे नाव सुतानेच विणलेले असते. लेबलावर कारखानदार, चादरीवर कारखानदार. वळणारी आणि विणणारा मात्र कोठेच नाहीत.

सोलापूरचा पादत्राणांशी संबंधही तितकाच जुना. जिल्ह्यातील मंगळवेढा हे कलचुरी बिज्जलाच्या सत्तेचे स्थान. बसवेश्वरांच्या आरंभीच्या कारकिर्दीशीही त्याचा संबंध सांगितला जातो. बाराव्या शतकातील शरण चळवळीत हरळय्या हे चर्मकार शरण होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवेश्वरांना अर्पण केल्या, अशी परंपरा आहे. आणि बसवेश्वरांनी त्या पायात न घालता मस्तकी धरल्या. पुढे हरळय्यांचा पुत्र व ब्राह्मण मधुवरसांची कन्या यांच्या विवाहामुळे दोन्ही पित्यांना देहदंड झाला. मराठी-कन्नड सीमाभागात वहाण करणाऱ्याचे नाव वहाणेसह टिकून राहिल्याचे एवढे मोठे उदाहरण दुसरे नाही. एरवी मात्र शिवणाऱ्याचा हात विटाळाचा आणि शिवलेली वहाण सोयीची, हाच व्यवहार शतकानुशतके चालला. स्नीकर रंगवणारा तरुण 'मी बूट करतो' असे अभिमानाने सांगू शकतो. चर्मकाराच्या मुलाला तेच वाक्य शाळेत लपवावे लागत असे. हौस आणि जातिव्यवसाय यांतील हे अंतर कलाचर्चेत सहसा येत नाही.

कापशीपासून मिलानपर्यंत

कोल्हापुरी चपलेच्या प्रकारांची नावे पाहण्यासारखी आहेत : कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. पैकी कापशी हे उघडच गावाचे नाव. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले म्हशी-बैलाचे कातडे, रापी आणि आरी ही हत्यारे, खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीची शिवण, अंगठा, कान, पट्टा व वरची वेणी ही तिची अंगे. कातडे कापणे, शिवणे ही बहुधा पुरुषांची कामे; वेणी विणण्यात स्त्रियांचा हात मोठा. १९२० च्या सुमारास सौदागर कुटुंबाने जाड, जड चपलेची पातळ व कानांची 'कानवली' केली आणि ती मुंबईच्या दुकानात गेली, असे परंपरेने सांगितले जाते. ही कथा जशी सांगितली जाते तशी घेतली तर तिचा अर्थ असा की, चालू मागणीपलीकडे जाऊन नवी आखणी करून पाहणे ही शिक्षित डिझायनराची मक्तेदारी नव्हती. कारागीरही प्रयोग करीत होता. त्याच्या प्रयोगाला 'प्रकल्प' हा शब्द मिळाला नाही, इतकेच.

१९७० च्या दशकात हिप्पी तरुणांमुळे ही चप्पल परदेशी गेली. २०१५ च्या महाराष्ट्रातील गोवंश हत्याबंदीनंतर बैलाच्या कातड्याचा पुरवठा अडला आणि म्हशीच्या कातड्यावर भार वाढला. २०१८-१९ मध्ये चपलेस भौगोलिक मानांकन लाभले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. चपलेच्या नावात एकच शहर असले तरी तिच्या हक्कात सोलापूरही आहे, ही गोष्ट जिल्ह्यात पुरेशी ठाऊक नाही. कायद्याने मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. प्रत्यक्ष कारागिरास 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घ्यावी लागते.

२२ जून २०२५ रोजी मिलान येथे प्राडा या इटालियन संस्थेच्या पुरुषवेशांच्या सादरीकरणात हुबेहूब कोल्हापुरी वळणाच्या चपला आल्या. वर्णन होते केवळ 'चामडी सँडल'. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने आक्षेप घेतला, संस्थेने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, तिचे प्रतिनिधी जुलैमध्ये कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. दरम्यान मुंबई उच्च न्यायालयाने याविषयीची जनहित याचिका फेटाळली; मानांकनाच्या नोंदणीकृत मालकानेच दाद मागावी, असा त्यामागचा विचार होता. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा व दोन्ही महामंडळे यांच्यात करार होऊन महाराष्ट्र-कर्नाटकात सुमारे दोन हजार जोड तयार करण्याचे जाहीर झाले. किंमत प्रत्येकी सुमारे ८०० युरो. स्नीकरच्या जगातील मर्यादित आवृत्तीचे गणित अशा प्रकारे पायताणाला येऊन मिळाले.

या गदारोळात रंग, पट्टा, शिवण यांची चर्चा पुष्कळ झाली. 'नक्कल' हा शब्द सर्वत्र होता. परंतु नकलेची तक्रार करण्यासाठी मूळ कोणाचे ते सांगता यावे लागते, आणि येथे सांगण्यास गावे होती, जिल्हे होते, महामंडळे होती. मूर, स्टेपल, अब्लो यांची नावे बुटाच्या किमतीचा भाग झाली. कोल्हापुरी जोडीवर शिक्का असतो तो बहुधा दुकानाचा.

याच काळात, २०२५ च्या मध्यास, महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने चपलेवर क्यूआर चिन्ह लावण्याची योजना पुढे आणली. काळ्या-पांढऱ्या चौकटींची ही जाळी मोबाइलने टिपली की जोडी कोणत्या कारागिराने वा बचतगटाने केली, त्यांचे नाव, गाव आणि कातड्याची माहिती दिसते. चादरीची नक्षी ज्या चौकटींच्या कागदावर भरली जाते, त्याच्याशी या चिन्हाचे साम्य आहे. फरक एवढाच, की या चौकटींत कारागिराचे नाव भरलेले आहे.