कबर नसलेल्यांसाठी

माँटे कॅसिनो हे नाव आपल्याला माहीत असतं ते संत बेनेडिक्ट यांच्यामुळे. इटलीतल्या त्या डोंगरावर त्यांनी सहाव्या शतकात मठ उभारला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तो बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त केला, आणि युद्धानंतर तो पुन्हा बांधला गेला. डोंगराच्या पायथ्याशी सैनिकांची दफनभूमी आहे. तिथल्या स्मारकावर, ज्यांची कबर कुठे आहे हे ठाऊक नाही अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यांत एक नाव आपल्या मराठी मुलाचं आहे, नाईक यशवंत घाडगे.

घाडगे माणगावकडच्या पळसगावचे. तो भाग आज रायगड जिल्ह्यात येतो. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते. या रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे. सकाळच्या मिस्साला जाताना त्याचे धावणारे रंगरूट दिसतात. सवयीमुळे आपण त्यांच्याकडे मान वळवूनही बघत नाही.

१० जुलै १९४४. जागा तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली. हा उंब्रिया प्रांत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांची भूमी. घाडगेंच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. ते एकटेच पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीत नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून तिची नळी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग दुरून नेम धरून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते तिथेच कोसळले. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रसंग सांगताना मुलांचे डोळे चमकतात. मला मात्र तिथे थोडं थांबावंसं वाटतं. समोरचे ते चौघेही कुणाची तरी लेकरं होती. वैऱ्यासाठी प्रार्थना करा असं प्रभूने सांगितलं, तेव्हा त्याने युद्धाचा अपवाद ठेवला नाही. घाडगेंच्या शौर्याला यामुळे काही कमीपणा येत नाही.

आणि घरचे? त्या काळी परदेशी पडलेल्या सैनिकाचा देह गावी आणायची रीत नव्हती. आपल्या देशातही शहीदांचे देह घरी पोचवण्याची पद्धत १९९९ च्या कारगिल युद्धापासून रूढ झाली. म्हणजे तोवरच्या बहुतेक घरांत बातमी आली, कुठे पदक आलं, पण माणूस आला नाही. शेवटचं तोंड बघता आलं नाही, तर मन कबूलच करत नाही. दाराची कडी वाजली की आई उठते. ही वाट पाहणं कुठल्याही पदकावर कोरलेलं नसतं, आणि माझ्या मते खरा त्याग तिथेच चालू असतो, वर्षानुवर्षं.

दावीद राजाला एकदा बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी प्यावंसं वाटलं. त्याचे तीन वीर पलिष्ट्यांची छावणी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. दावीदाने ते तोंडाला लावलं नाही. माणसांनी जीव पणाला लावून आणलेलं पाणी आपण कसं प्यावं, म्हणून त्याने ते परमेश्वरापुढे ओतलं. आपण मात्र ते पाणी रोज पितो, बहुधा न विचारता.

नोव्हेंबर जवळ आला आहे. दोन तारखेला आपण कबरी धुतो, फुलं ठेवतो. आपलं माणूस दुसरीकडे पुरलेलं असेल, तर दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसाशी मेणबत्ती लावतो. यंदा तिथे एक जास्तीची लावू या, कबर नसलेल्या सैनिकांसाठी. आणि भाविकांच्या प्रार्थनेत त्यांच्या घरच्यांसाठी एक विनंती असू द्या. ती वाचायला आपल्या धर्मग्रामातल्या एखाद्या फौजी कुटुंबाला विचारा. नको म्हणाले, तर आग्रह करू नका.