निजण्याचा अधिकार

यंत्र चालवणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला जातो. ते थांबवणाऱ्यांचा क्वचितच. संगणकाच्या बाबतीत मात्र थांबवणे हाच मोठा प्रश्न ठरला, आणि आमच्या मते मुळात तो अधिकाराचा प्रश्न होता. पडदा, तबकडी, प्रोसेसर यांनी केव्हा निजावे, केव्हा मंद चालावे, हे ठरवायचे कोणी?

सोबत नेता येणारे संगणक आले आणि बॅटरीची काटकसर निकडीची झाली. १९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही व्यवस्था पुढे आणली. तीत बहुतेक सत्ता बायॉसकडे, म्हणजे मुख्य फलकावरील चिपमध्ये साठवलेल्या प्रोग्रॅमकडे होती. काही काळ हालचाल दिसली नाही, की तो उपकरण निजवी. पण कोणाचे कोणते काम खोळंबले आहे, हे त्यास कसे कळावे? ते ठाऊक असते कर्नेलला, म्हणजे सर्व प्रोग्रॅमांना यंत्राचा वेळ वाटून देणाऱ्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांच्या एसीपीआय या नियमावलीने निर्णय कर्नेलच्या हाती दिला. उपकरणांसाठी डी० ते डी३ अशा पायऱ्या ठरल्या. झोप जितकी गाढ तितकी बचत अधिक, आणि जागे होण्यास विलंबही अधिक.

वेगाचा विचार त्याआधीच, १९९४ साली, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मार्क वायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता. वेग उतरवला म्हणजे व्होल्टेज उतरवता येते. आणि व्होल्टेज निम्मे झाले तर तेच काम सुमारे चतुर्थांश ऊर्जेत होते.

अधिकार आला तरी शहाणपण लगेच येत नाही. लिनक्सचे कर्नेल रिकाम्या प्रोसेसरलाही सेकंदातून शेकडो वेळा उठवी. झोपलेल्यास हलवून 'झोप लागली का?' असे विचारण्यातलाच हा प्रकार! तो टाळण्याची सोय २००७ साली झाली. २००९ च्या अखेरीस चालू संगणकातील एकेक उपकरण स्वतंत्रपणे निजवण्याची चौकट आली. ज्या उपकरणामार्फत इतर उपकरणे जोडलेली असतात, ते त्यांचे पालक. तिचा सर्वसाधारण नियम घरातलाच वाटावा: मुले जागी असताना पालकाने निजायचे नाही, आणि मुलांना उठवायचे तर आधी आपण उठायचे.

पुढे २०१५ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांत वेग निवडण्याचे काम पुन्हा चिपकडे सोपवण्याची सोय झाली. कारण क्षणाक्षणाचा भार तिला लवकर कळतो. मर्यादा मात्र कर्नेलच घालून देते. यास आम्ही माघार म्हणणार नाही. ज्याला जवळचे दिसते त्याने निर्णय घ्यावा, आणि ज्याला सगळे घर दिसते त्याने मर्यादा आखावी, हाच या तेवीस वर्षांचा निष्कर्ष होय.