शोकनाट्य, मराठी

शोकपर्यवसायी मराठी नाटके आणि त्यांच्या आस्वादासंबंधीचा विचार. रंगभूमीवरील दुःख पाहावयास प्रेक्षक स्वेच्छेने येतो, व्याकूळ होतो आणि तरीही समाधानाने परततो, हा या विचारातील मूळ प्रश्न होय. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) पोएटिक्समध्ये शोकात्मिका करुणा व भीती यांच्याद्वारे त्या भावनांचे ‘कॅथार्सिस’ घडविते, असे म्हटले, मात्र या संज्ञेचे स्पष्टीकरण तेथे आढळत नाही. याकोप बेर्नाइस या जर्मन पंडिताने १८५७ मध्ये तिचा वैद्यकीय अर्थ लावला. मराठीत रूढ झालेला ‘विरेचन’ हा पर्याय पंचकर्मांपैकी एकाचे नाव असल्याने तोच अर्थ मराठी समीक्षेत जणू आपोआप आला आणि भावनांची शुद्धी किंवा समतोल हे अन्य अर्थ मागे पडले.

भारतीय परंपरेत शोक हा करुण रसाचा स्थायी भाव मानलेला असला, तरी संस्कृत नाटक सामान्यतः सुखान्त राहिले. भवभूतीचे उत्तररामचरितही पुनर्मीलनाने संपते. भासाचे म्हणून ओळखले जाणारे ऊरुभंग हा ठळक अपवाद. करुण रसातही आनंदच असतो आणि सहृदयांचा अनुभव हेच त्याचे प्रमाण, असे विश्वनाथाने साहित्यदर्पणात म्हटले. याउलट नाट्यदर्पणकार रामचंद्र व गुणचंद्र यांनी रस सुखदुःखात्मक मानला.

नवी मुंबईतील वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिलेले आहे, त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर सादर केले. त्यानंतर अठरा वर्षांनी वि. ज. कीर्तने यांचे थोरले माधवराव पेशवे (१८६१) हे नायकाच्या मृत्यूकडे जाणारे स्वतंत्र नाटक प्रसिद्ध झाले. पुढे आगरकरांचे विकारविलसित (१८८३) व देवलांचे झुंझारराव (१८९०) यांनी अनुक्रमे हॅम्लेट व ऑथेल्लो मराठीत आणले.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी नाटक राम गणेश गडकरी यांचे एकच प्याला हे होय. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निधन पावले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे त्याचा पहिला प्रयोग केला. सुधाकर हा बुद्धिमान पण मानी वकील न्यायालयातील अपमानानंतर मद्याच्या आहारी जातो आणि संसाराचा नाश ओढवून घेतो. गणपतराव बोडस (सुधाकर) व बालगंधर्व (सिंधू) यांच्या भूमिका गाजल्या. ही शोकात्मिका सुधाकराची की सिंधूची, हा वाद समीक्षकांत दीर्घकाळ चालला. ॲरिस्टॉटलच्या कसोटीने पाहता सुधाकरच नायक ठरतो. त्याचा अभिमान हा त्याच्या गुणांतूनच उपजलेला दोष आहे. परंतु दळण दळून घर चालविणारी, मारहाणीनंतरही पतीला पाठीशी घालणारी सिंधूच प्रेक्षकांची करुणा अधिक वेधून घेते. त्यामुळे भीती मागे पडून नाटक करुणाकडे झुकते. वि. सी. गुर्जर यांची पदे या बाबतीत महत्त्वाची ठरतात : दुःखाचा ताण असह्य होऊ लागताच गायन त्याला वाट करून देते. केवळ विरेचनाच्या उपपत्तीत या संगीताची दखल घेतली जात नाही.

योगायोग असा, की बडोद्यातच १९२१ च्या साहित्यसंमेलनात न. चिं. केळकर यांनी अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. स्वतःची भूमिका न सोडता परभूमिकेशी तादात्म्य पावणे, यातून वाङ्‌मयानंद होतो, असे तिचे सार. रंगमंचावरील आपत्ती आपली नाही, हे भान रडतानाही कसे टिकते, ते या कल्पनेने उलगडते. परंतु ती विनोदालाही तितकीच लागू पडते, म्हणून दुःखाचीच ओढ का, हा प्रश्न शिल्लक राहतो. विंदा करंदीकर यांच्या ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (१९५७) या ग्रंथाने मूळ विवेचन मराठी वाचकांना उपलब्ध झाले.

वि. वा. शिरवाडकर यांच्या नटसम्राट (१९७०) या नाटकावर किंग लिअरची छाया आहे. मात्र येथे राज्य नव्हे, तर घर व निवृत्त नटाची मिळकत मुलांच्या हाती जाते. श्रीराम लागू यांनी प्रथम साकारलेल्या गणपतराव बेलवलकर यांच्या या कथेत भीतीला पुन्हा जागा मिळाली. कारण म्हातारपणी आपल्याच मुलांच्या दारात परके होण्याचे भय प्रेक्षकांतील बहुतेकांच्या ओळखीचे होते.